जिप्सी एमपीएफआय: ईसीएम उडालं म्हणतायत, रिपेअर होतं का?

जिप्सीवेडा_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. माझी २००४ ची मारुतीची जिप्सी किंग एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनची) हाय, सरकारी खात्यातनं लिलावात निघालेली, दुसऱ्या मालकाकडनं घेतलेली. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडं एका ओढ्यात पाणी पार फ्लोअरवर आलंतं, पण गाडी बंद पडली नाही, घरी आली, वाळवली, विषय संपला असं वाटलं. दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली, गरम झाली की मधेच बंद, अर्धा तास थांबलं की परत चालू, आणि आता तर पूर्णच झोपलीय. सेल्फ एक नंबर फिरतो पण चावी ऑन केली की चेक इंजिनची लाईट लागतच नाही, आणि टाकीतल्या पंपाचा दोन सेकंद जो झूं आवाज यायचा तो पण गायब.

गॅरेजवाल्यानं फ्यूज बघितले, रिले बदलला आणि म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडालंय. शोरूमला विचारलं तर नवीन मिळणार नाही म्हणाले. एक जुन्या पार्टवाला सेकंडहँड देतोय पण किंमत ऐकून घाम फुटला, वर गॅरंटी म्हणे 'चालू दाखवून देतो' एवढीच. तर प्रश्न असा की हे डबं उघडून रिपेअर होतं का, कुणी केलंय का, आणि मारुती एस्टीमचं ईसीएम हिला बसतं का, कारण इंजिन तर तेच १.३ हाय म्हणतात.

ट्रेलदादा_पुणे

भावा आधी ईसीएमला फाशी देऊ नको. लाईट लागत नाही याचा अर्थ ईसीएम जागं होत नाही एवढाच, मेलंय का उपाशी आहे ते अजून कुणी बघितलेलंच नाही. जुन्या जिप्सीत निम्म्या वेळा अर्थिंग (बॅटरी निगेटिव्हची जोडणी) सडलेलं असतं. पाण्यातून काढलेली गाडी म्हणजे तर विचारूच नको, इंजिनवरच्या अर्थच्या लगला (वायरीच्या टोकाच्या कडीला) हिरवं बुरशीसारखं चढलेलं असतं आणि वरून वायर नवी दिसते. नुसता रिले बदलून 'ईसीएम गेलं' म्हणणाऱ्या माणसाकडून परत गाडी घेऊन ये.

कार्बप्रेमी_६२

मी तर सांगतो हे कॉम्प्युटर बिम्प्युटर काढून टाका आणि कार्बोरेटर बसवा. जंगलात बंद पडली तर स्क्रू ड्रायव्हरने चालू होते. आमच्या १९८८ च्या जिप्सीला आजपर्यंत कुणाची सर्किट बघायची वेळ आली नाही.

सोल्डरबाबा_नाशिक

काका, तुमची ९७० सीसीची आहे, तिला माझा दंडवतच. पण यांची एमपीएफआय आहे, १६ व्हॉल्वची. कार्बवाल्या १३०० चं हेड ८ व्हॉल्वचं, त्यामुळे त्याचं मॅनिफोल्ड उचलून हिला लावता येत नाही, शिवाय हिच्यात स्पार्कचं टायमिंगपण ईसीएमच बघतं. म्हणजे कार्ब लावून सुटका नाही, सगळं इग्निशन पण बदला, आणि मग आरटीओत पासिंगला काय उत्तर देणार. चिरून ठेवलेल्या वायरिंगच्या अशा गाड्या माझ्याकडे 'परत एमपीएफआय करून द्या' म्हणून येतात, त्या बघून रडू येतं.

आता मूळ प्रश्न. मी गाड्यांचे आणि मशीनचे बोर्ड रिपेअर करतो, त्यावरून सांगतो. जिप्सीवेडा, हे घरी करता येईल, लागेल फक्त एक मल्टिमीटर आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडून घे. ईसीएमचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढ आणि वायरिंगच्या बाजूने तपास. ज्या पिनला कायम बॅटरी यायला पाहिजे आणि ज्या पिनला चावी ऑन केल्यावर यायला पाहिजे तिथे हा बल्ब लाव, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब झगझगीत लागला पाहिजे. नुसता मीटर लावू नको, कारण तारेच्या गुच्छातला एक धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि लोड पडला की बसतो. मग उलटं कर, बल्बचं एक टोक बॅटरी पॉझिटिव्हला आणि दुसरं ईसीएमच्या प्रत्येक अर्थ पिनला. एकही अर्थ मिणमिणता लागला तर तिथेच तुझा रोग. सर्किट डायग्राम वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने पिन धरू नको, आणि सेन्सरच्या किंवा इंजेक्टरच्या पिनांना हा बल्ब चुकूनही लावायचा नाही.

हे सगळं ठीक निघालं तर कपलर परत लावून ५ व्होल्ट बघ. थ्रॉटल पोझिशन सेन्सर आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) या दोघांना ईसीएमच्या आतून ५ व्होल्टचा सप्लाय जातो. चावी ऑन, सेन्सरचा कपलर काढलेला, त्याच्या सप्लाय आणि अर्थ पिनमध्ये ५ च्या आसपास पाहिजे. शून्य किंवा एक दीड आलं तर ईसीएमवर शिक्का मारायची घाई नको, कारण एखादा सेन्सर आतून शॉर्ट असला किंवा त्याची वायर बॉडीला घासून उघडी पडली असली तरी ती ५ व्होल्टची लाईन खाली बसते आणि ईसीएम मेल्याचं नाटक करतं. म्हणून त्या लाईनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा. एखादा काढल्यावर ५ परत आले तर पार्टी कर, खर्च फक्त सेन्सरचा. सगळे काढूनही नाही आले तर डबं खोलायचं.

एस्टीमचं ईसीएम: घराणं एक, पण कपलर बसला म्हणजे पिना जुळल्या असं होत नाही. सुझुकीच्या ईसीएमचा पार्ट नंबर ३३९२० ने सुरू होतो, पुढचे जे आकडे आणि अक्षरं असतात तीच महत्त्वाची, ती तुझ्या डब्यावरच्या स्टिकरशी तंतोतंत जुळली तर सेकंडहँडचा विचार कर. नाहीतर जिवंत डबं लावून तेही मारशील.

जिप्सीवेडा_कोल्हापूर

सोल्डरबाबा सर, लई म्हणजे लई धन्यवाद. शनिवारी भावाला घेऊन बसलो. बॅटरीच्या दोन्ही पिनांवर बल्ब झगझगीत. अर्थमध्ये एक मिणमिणता होताच, इंजिनवरनं लग काढला तर ट्रेलदादा म्हणाले तसा हिरवागार, घासून परत लावला, तोही झगझगीत झाला. पण गाडी तशीच, लाईट नाही. मग ५ व्होल्ट बघितले तर ०.८ येतायत, सगळे सेन्सर काढले तरी ०.८ च. तेव्हा डबं काढलं. वरच्या कव्हरच्या आत पाण्याची रेघ उमटलीय, कपलरच्या बाजूला पांढरट हिरवट पावडर, आणि एक छोटा काळा गोल कपॅसिटर हाय त्याच्या बुडाखाली तपकिरी चिकट डाग, त्याच्याजवळनं जाणाऱ्या दोन रेषा काळ्या पडल्यात. वास पण येतोय कसला तरी. फोटो टाकलाय, नेट गंडलंय म्हणून साईझ बारीक केलीय.

अजून एक, बंपरला विंचचा ब्रॅकेट वेल्डिंग केला होता मागच्या मालकानं, त्याचा काही संबंध असेल का?

मस्कतकर

वास मासळीसारखा येतोय का? मग कपॅसिटरच गळलाय. मूळचा रत्नागिरीचा, गेली बरीच वर्षं ओमानमध्ये, इथे नव्वदीतली पजेरो आहे माझ्याकडे, ३.० व्ही६. त्या काळातल्या मित्सुबिशीच्या ईसीयूंची (म्हणजे ईसीएमच) ही जगप्रसिद्ध भानगड आहे, आतले इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे आत द्रव असलेले, कपॅसिटर म्हातारे होऊन गळतात आणि तो द्रव बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खातो. इथल्या उन्हात तर काय, बंद गाडीत डॅशखाली भट्टीच असते, आणि या कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं असा हिशोब आहे. सुझुकीच्या विटारा आणि साइडकिकच्या सुरुवातीच्या वर्षांच्या डब्यांचंही हेच रडगाणं परदेशी लोक सांगतात. सुरुवातीला लक्षणं पण तुझ्यासारखीच, गरम झाल्यावर रुसणं, आयडल (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) वरखाली, मग एक दिवस राम म्हणते.

पजेरोवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट सांगून ठेवतो. त्यात आयडलची स्टेपर मोटर असते, तिची कॉइल शॉर्ट झाली की ईसीयूमधला तिचा ड्रायव्हर (तिला चालवणारी चिप) जळतो. लोक ड्रायव्हर बदलतात, गाडी सुरू होते, आणि जुनी मोटर नव्या ड्रायव्हरचा परत बळी घेते. म्हणून डबं लावायच्या आधी मोटरच्या कॉइल मोजायच्या, गार असताना २८ ते ३३ ओहमच्या मधे पाहिजेत. जिप्सीचं मोजमाप वेगळं असेल पण नियम तोच, ज्यानं डबं मारलं त्याला आधी शोध.

भिजलेला_मावळा

तांदळाच्या डब्यात ठेव रात्रभर, माझा मोबाईल असाच वाचला होता 😄 नाहीतर डब्ल्यूडी ४० मार भरपूर.

सोल्डरबाबा_नाशिक

तांदूळ भातासाठी ठेवा. आतला ओलावा कधीच गेलाय, राहिलाय तो क्षार, तो तांदूळ खात नाही. आणि डब्ल्यूडी मारून माझ्याकडे आणलेला बोर्ड मला आधी तास तास धुवावा लागतो, तेलकट थरावर सोल्डर धरत नाही.

जिप्सीवेडा, फोटो बघितला. तुझं डबं मेलेलं नाही, आजारी आहे. यात दोन रोग एकावर एक आहेत, कपॅसिटर गळलाय आणि ओढ्याचं पाणी वायरिंगमधून कपलरवाटे आत शिरलंय. पाणी नेहमी कव्हरमधूनच येतं असं नाही, वायरच्या आत इन्सुलेशन आणि तांब्याच्या मधून ते झिरपत वर चढतं. वेल्डिंगचं म्हणशील तर बॅटरी आणि ईसीएम न सोडवता वेल्डिंग केलं तर बोर्ड जाऊ शकतो, पण त्यात आयसी किंवा प्रोटेक्शनचा डायोड उडतो, असा गळका डाग पडत नाही. तेव्हा मागच्या मालकाला या खेपेला माफ कर.

आता काम कसं होतं ते सांगतो, तू करशील किंवा कुणाकडून करून घेशील, पण तुला माहीत असलं म्हणजे फसणार नाहीस. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, कपॅसिटरची प्लस मायनसची बाजू दिसेल असे. मग ९९ टक्केवालं आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) आणि जुना मऊ टूथब्रश, पावडर पूर्ण जाईपर्यंत. बोर्डावर वार्निशसारखा पारदर्शक थर असतो, कॉन्फॉर्मल कोटिंग, जिथे काम करायचं तेवढ्याच जागी तो काढायचा. घाण निघाल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री लावायची नाही, नाहीतर क्षार सोल्डरमध्ये शिजतो.

कपॅसिटर काढताना लोक घोळ घालतात. अर्थच्या बाजूचा पाय मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला असतो, तो पट्टा सगळी उष्णता पितो आणि २५ वॅटच्या साध्या इस्त्रीनं सोल्डर वितळतच नाही, मग माणूस कपॅसिटर हलवून हलवून ओढतो आणि पायाबरोबर बोर्डाचा पॅड उपटून येतो. त्यापेक्षा कपॅसिटरचं डोकं कटरने बुडापासून कापायचं, पाय वेगवेगळे राहू द्यायचे, आणि एकेक पाय ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावून ६० वॅटच्या टेंपरेचर कंट्रोलवाल्या इस्त्रीनं बाहेर काढायचा. भोक विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ. नवीन घालताना जुन्यावर छापलेली तीच मायक्रोफॅरड, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, आणि १०५ डिग्रीवालाच, ८५ वाला स्वस्त मिळतो म्हणून आणू नको. एक गळलाय म्हणजे बोर्डावरचे त्याचे भाऊबंदही त्याच वयाचे आहेत, सगळे बदल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, कपॅसिटरना चहापेक्षा जास्त पैसे लागत नाहीत, मजुरी लागते ती ट्रॅकची.

ट्रॅक म्हणजे तुझ्या त्या दोन काळ्या रेषा. ब्लेडने वरचा हिरवा थर खरवडायचा, खाली चकचकीत तांबं दिसलं तर सोल्डर फिरवून पुढे, काळी भुकटी निघाली तर ट्रॅक गेलाच समज, दोन्ही टोकांच्या चांगल्या जागी बारीक जंपर वायर टाकायची. सप्लायच्या ट्रॅकला केसाएवढी वायर चालणार नाही. आणि सर्वात वाईट शत्रू म्हणजे ती बारीक भोकं, ज्यातून ट्रॅक वरच्या बाजूने खालच्या बाजूला जातो. वरून खालून छान दिसतात पण आतली भिंत खाल्लेली असते. मीटरने प्रत्येक भोकाची वर खाली कंटिन्युइटी बघ, नुसती नाही, बोर्ड जरा वाकवून बघ. गरम झाल्यावर बंद पडणं हे बहुतेक अशाच एखाद्या भोकाचं किंवा तडकलेल्या सोल्डरचं काम असणार, ऑफरोडच्या गाडीत दणके बसून कपलरच्या पिनांच्या मुळाशी सोल्डरला गोल चीर पडते, भिंगाखाली दिसते. त्या सगळ्या पिना परत सोल्डर करायच्या.

हे करून ५ व्होल्ट आले तर जिंकलास. नाही आले तर रेग्युलेटर (५ व्होल्ट बनवणारा भाग) बघायचा, तोही बदलता येतो. मेन मायक्रो (मुख्य प्रोसेसर चिप) गेला असेल तर मात्र सोड, त्याच्या आत प्रोग्राम असतो, बाजारात नुसती चिप आणून काही होत नाही. आणि जो माणूस डबं हातात घेताच 'आयसी गेली, इतके हजार' म्हणतो आणि ५ व्होल्ट मोजत नाही, त्याच्याकडून डबं काढून घे.

सातारी_स्कॉर्पिओ

मधेच घुसतो, सॉरी. माझी २००७ ची स्कॉर्पिओ सीआरडीई आहे, तिचं पण ईसीयू खोलायचं म्हणतोय, हीच पद्धत चालेल का?

सोल्डरबाबा_नाशिक

नाही. कॉमनरेल डिझेल हा वेगळा प्राणी. इंजेक्टरला उघडायला ईसीयू आत व्होल्टेज चढवतं, ५०-६० च्या वर जातं, चालू असताना बोट घालशील तर फटका बसेल. कव्हर गोंदाने चिकटवलेलं असतं, जोर लावून उचकटलं की बोर्ड वाकतो. काहींमध्ये तर सिरॅमिकचा बोर्ड आणि त्यावर केसासारख्या ॲल्युमिनियमच्या तारा, वरून जेल, तिथे इस्त्रीचा संबंधच नाही. दुसऱ्या गाडीचं ईसीयू टाकलं तर इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) गाडी चालू होऊ देत नाही, किल्लीची माहिती असलेली छोटी ८ पायांची मेमरी वाचून नव्यात लिहावी लागते, वर इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड पण स्कॅनरने भरायचे. म्हणून पहिली गोष्ट, कुणाच्याही हातात देण्याआधी त्या मेमरीचा बॅकअप घ्यायला लाव. पण त्याच्याही आधी अर्थिंग बघ रे बाबा, वरचं सगळं वाच.

ट्रेलदादा_पुणे

आमच्या ग्रुपमधल्या एका पोरानं त्याच्या गाडीला स्पीडुइनो, म्हणजे घरी जोडायचं ईसीएम, बसवलंय, आर्डुइनो मेगावर चालतं, ओपन सोर्स. चालतं झकास, पण ट्यूनिंगमध्ये त्याची संध्याकाळ रोज लॅपटॉपवर जाते आणि बायको विचारते नक्की गाडी चालवायला घेतली होती का. ज्याला तो नाद आहे त्यानं करावं, जिप्सीवेडा तू आधी ओरिजिनल डबंच वाचव.

जिप्सीवेडा_कोल्हापूर

मंडळी चालू झाली!!! मी स्वतः इस्त्री लावायचं धाडस केलं नाही, इथं उद्यमनगरात एक पोरगा हाय, सीएनसी मशीनचे बोर्ड करतो, त्याला सोल्डरबाबांचा मजकूर मोबाईलवर वाचून दाखवला, तो म्हणाला हे लिहिणारा माणूस काम करणारा दिसतोय, ठेवून जा. कपॅसिटर सगळे बदलले, दोन ट्रॅक जंपर केले, आणि एक भोक खरंच आतनं खाल्लेलं निघालं, बोर्ड वाकवला की मीटरची शिट्टी बंद. त्यातनं बारीक तार ओवून दोन्हीकडनं सोल्डर मारलं. चावी ऑन केली, लाईट लागली, मागं पंप झूं वाजला, बायको बाहेर आली बघायला कसला आरडाओरडा चाललाय.

एकच राहिलंय, आयडल जरा जास्त हाय, दीड हजाराच्या आसपास, आणि गरम झाल्यावर पण खाली येत नाही. इंजिन चालू असताना चेक लाईट मात्र विझलेलीच. आणि आता हे डबं परत भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरनं सिलिकॉन मारू का?

मस्कतकर

अभिनंदन! आयडलसाठी आधी थ्रॉटलची केबल ताणलेली नाही ना ते बघ, मग थ्रॉटल बॉडीच्या पुढची व्हॅक्यूमची रबरी नळी एखादी तडकलीय का. गाडी इतके दिवस उभी, उंदरांनी सुद्धा काम केलं असेल.

सोल्डरबाबा_नाशिक

वा! त्या पोराला माझा नमस्कार सांग, तार ओवणं सगळ्यांना जमत नाही.

मस्कतकरांनी सांगितलेलं बघून झालं की कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कपलर बघ. ईसीएमला इंजिन गारच वाटत राहिलं तर ते आयडल चढवून ठेवणार, आणि कपलरमध्ये थोडासा गंज असला तरी वाढलेल्या रेझिस्टन्समुळे इंजिन खऱ्यापेक्षा गार दिसतं, बिघाडाचा कोड पडेलच असं नाही.

पिशवी अजिबात नको. कोल्हापूरच्या पावसात पिशवीत दमट हवा अडकते, रात्री गार झाली की आतच पाणी सुटतं. सिलिकॉनपण बाथरूमचं आंबट वासाचं नको, त्यातून निघणारं ॲसिड तांबं खातं, म्हणजे आत्ताच निस्तरलेला रोग परत विकत घेतल्यासारखं. जिथे काम केलंय तिथे ॲक्रिलिक कोटिंगचा स्प्रे दोन पातळ हात, कपलरच्या पिना टेपने झाकून. डबं जमेल तेवढं उंच बांध, कपलरचं तोंड खाली किंवा आडवं. आणि वायरिंगला डब्यात शिरायच्या आधी खाली एक झोल दे म्हणजे पाणी त्या झोलावरून टपकेल, कपलरपर्यंत येणार नाही.

कार्बप्रेमी_६२

बघा, एका ओढ्यासाठी केवढा खटाटोप. बरं त्या उद्यमनगरच्या पोराला विचारा, जिप्सीच्या डॅशबोर्डचं घड्याळ दुरुस्त करतो का, माझं बंद पडलंय.